उजळ व्हा, मूत्रपिंडाचं नंतर बघू

सर्वात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुमच्या त्वचेला आजार झालेला आहे आणि त्या आजाराचं नाव रंग. मुरूम, वांग, खाज, कोरडेपणा ही किरकोळ दुखणी. ती येतात-जातात. रंग मात्र आठही प्रहर असतो आणि कुणाला ना कुणाला दिसतोच. शेजारच्या काकूंना तर तो दारातूनच दिसतो. "हल्ली उन्हात फार फिरतेस का गं?" असं त्यांनी विचारलं की निदान झालं असं समजा. उरले फक्त उपचार.

उपचारांआधी थोडं शास्त्र, कारण हल्ली शास्त्राचं बोट धरल्याशिवाय साबणसुद्धा विकला जात नाही. त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी युरोपातल्या माणसात असतात जवळपास तेवढ्याच आपल्यातही असतात. आपल्या पेशी जास्त मेलॅनिन करतात, ते मोठ्या कणांत भरतात आणि नीट पसरून ठेवतात, एवढाच फरक. या व्यवस्थेमुळे उन्हापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. पण तिचा स्वभाव तापट आहे. ओरखडा, भाजणं, फुटलेली पुटकुळी, चुकलेलं फेशियल, काहीही झालं तरी ती एकच उत्तर देते: डाग. मुरूम आठवड्यात बसतो, त्याचा डाग गणपतीत आला तर संक्रांतीचा तिळगूळ घेऊनच जातो. हा स्वभाव ओळखून ठेवा, कारण पुढची सगळी उलाढाल त्यावरच चालते. चोळलं की काळं पडतं, काळं पडलं की आपण चोळतो. दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक आपणच.

१९७५ म्हटलं की आपल्याकडे लोकांना आणीबाणी आठवते. त्वचेच्या इतिहासातही ते वर्ष काही कमी दणदणीत नव्हतं. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला त्वचा कशी वागते यावरून तिचे प्रकार पाडले. ते मुळात गोऱ्या रुग्णांपुरतेच होते. तपकिरी आणि काळ्या लोकांना पाचवा-सहावा क्रमांक नंतर मिळाला, लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्यांना मागे खुर्च्या टाकून द्याव्यात तसा. त्याच वर्षी अमेरिकेतच क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं ट्रेटिनॉइन आणि लाली-सूज दाबणारं एक स्टिरॉइड असं तिघांचं मिश्रण डाग फिके करण्यासाठी मांडलं. आणि त्याच वर्षी भारतात फेअर अँड लव्हली बाजारात आली. आणीबाणी २१ महिन्यांत उठली.

आता स्वयंपाकघरात चला. लिंबू कापा आणि थेट गालावर फिरवा. लिंबाच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जहाल) दोनच्या आसपास, त्वचेचा साडेचार ते साडेपाचच्या घरात. म्हणजे झोंबणार. झोंबलं की समजा, काम सुरू झालं. यानंतर धुऊन टाकायचं नाही, तसंच अंगणात पापड वाळत घालायला जायचं. लिंबाच्या सालीतल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि ते गेल्यावर मागे तपकिरी ओघळ राहतात. ते ओघळ घालवायला दुसऱ्या दिवशी खायचा सोडा. तो अल्कधर्मी. आम्लाने एकीकडून हाणायचं, सोड्याने दुसरीकडून, मध्ये तुमचा गाल. मुरमावर टूथपेस्ट लावायला विसरू नका. दातांसाठी केलेली वस्तू गालाला चालत नसेल, असं म्हणणारे लोक फार शिकलेले असतात.

दूध, दही आणि मध यांच्या लेपाबद्दल मात्र ब्र काढू नका. ते सात्त्विक आहे. पंढरपुरात याच पदार्थांच्या अभिषेकाने मूर्तीची झीज होते म्हणून तिला वज्रलेप करावा लागला, हे खरं आहे. पण तो दगड होता, तुमची त्वचा नाजूक आहे, तिला सोसेल.

(दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचं तेल आणि उटणं या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. वर्षातून एकदा, भरपूर तेलावर, हलक्या हाताने लावलेलं उटणं सहसा काही बिघडवत नाही. म्हणून ते इथे आपल्या उपयोगाचं नाही. त्याचा उपयोग व्हायला हवा असेल तर रोज लावा, तेल वगळा आणि भांडी घासल्यासारखं घासा.)

घासण्यावरून मान आठवली. मानेच्या मागे, काखेत, कधी कोपरांवर मखमलीसारखा जाड काळेपणा आलेला असतो. घरातल्या थोरांचं मत ठरलेलं: "अंघोळ नीट करत नाही." त्यावर टाचांची वजरी घ्या आणि मान लाल होईपर्यंत घासा. पोरगी रडेल. रडू द्या. हा मळ नसतो, बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते आणि पुढे मधुमेह येऊ शकतो, अशी चहाटळ माहिती एखादा डॉक्टर देईल. रक्त तपासायला सांगेल, वजन आणि खाण्याबद्दल विचारेल. मानेच्या रंगासाठी आलो आणि हा आमच्या जेवणावर घसरला! अशा डॉक्टरकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. वजरी चाळीस रुपयांत मिळते.

सनस्क्रीनबद्दल तुमचे विचार स्वतंत्र असायला हवेत. "आपण काय इंग्लंडात राहतो?" हा त्यातला पहिला. जिथे ऊन कमी तिथे सनस्क्रीन लावायची आणि नागपूरच्या मे महिन्यात नाही, हे तर्काला धरूनच आहे. तरी कुणी भेट दिलीच, तर ट्यूबमधून हरभऱ्याएवढी काढा आणि चेहरा, मान, दोन्ही हात यांत पुरवा. ट्यूबवरचा एसपीएफचा, म्हणजे ऊन अडवण्याच्या ताकदीचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. म्हणजे चेहऱ्याला आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरून लागते. त्या हिशेबाने ट्यूब महिना-दीड महिन्यात संपेल. आपल्याला ती पुढच्या लग्नसराईपर्यंत टिकवायची आहे. कंपन्यांचंही बरोबर जमलंय म्हणा. झिंक ऑक्साइडची अशी पांढरीफटक सनस्क्रीन देतात की गव्हाळ चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसते. मग माणूस ती लावायची सोडतो आणि त्याचा त्याला पश्चात्तापही होत नाही. आपल्यासारख्या त्वचेवर नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतो आणि आयर्न ऑक्साइड घातलेली, त्वचेच्या रंगाशी मिळतीजुळती सनस्क्रीन त्यावर कामी येते. पण तशी मागितली तर दुकानदार "हे फाउंडेशन आहे" म्हणेल. तुम्हीही माना आणि परत ठेवा.

पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळतात. त्यांची टिंगल करत राहा. त्याचा खरोखर फायदा होतो आणि तो धुऊन पुन्हा वापरता येतो. म्हणजे यात कुणालाच काही विकता येत नाही.

आता मुख्य उपाय. नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जा आणि काउंटरवर कोपर टेकवून म्हणा, "दादा, चेहऱ्यासाठी चांगलं काहीतरी द्या." दादा त्वचारोगतज्ज्ञ नाहीत, पण ते तुम्हाला रांगेत बसवत नाहीत. हात मागच्या खणात जातो आणि एक छोटी ट्यूब येते. तिच्यात काय असतं? तेच १९७५ चं तिघांचं मिश्रण, बदललेल्या प्रमाणात. स्टिरॉइड वेगळं, कधी जास्त जोरदार. मूळ औषध वाईट नाही. डॉक्टरने वांगासाठी मोजून काही आठवडे दिलं तर ते काम करतं. पण मोजून काही आठवडे हे आपल्या रक्तात नाही. आपण ती क्रीम म्हणून लावतो, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, आणि बहिणीलाही देतो.

पहिला महिना सोन्याचा असतो. चेहरा उजळतो, मुरूम दबतात, ऑफिसात विचारणा होते. मग त्वचा पातळ होऊ लागते. गालावर लाल बारीक शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर लव वाढते, उन्हात पाऊल टाकलं की चेहरा भगभगतो. घाबरून ट्यूब बंद केली की आग दुप्पट. परत लावली की शांत. यावरून सिद्ध काय होतं? की ट्यूब चांगली आहे आणि त्रास ती न लावल्यामुळे होतो! या चेहऱ्याला वैद्यकीय साहित्यात स्वतंत्र नाव आहे आणि ते भारतीय डॉक्टरांनीच ठेवलंय, इतके नमुने त्यांच्यासमोर येऊन बसत होते. हायड्रोक्विनोन फार काळ लावत राहिलात तर काहींच्या गालावर निळसर-काळी झाक येते आणि ती सहजी जात नाही. गोरं व्हायला निघालेल्या माणसाला निळं होता येतं, हेही काही कमी नाही.

असल्या ट्यूबा गजकर्णालाही लावा. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र आतल्या आत सुखाने पसरते आणि कडा अशा पुसट होतात की डॉक्टरही क्षणभर गोंधळतो. २०१८ साली सरकारने अशा १४ स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी केली. चिंता नको. दादा ओळखीचे आहेत.

ज्यांना ट्यूबही सावकाश वाटते त्यांच्यासाठी बिनलेबलाची डबी आहे. कंपनीचं नाव नाही, घटक नाहीत, कुणाच्या तरी ओळखीने आलेली, "आमच्या हिला चार दिवसांत फरक पडला" या शिफारशीसह. चार दिवसांत फरक पडतो, कारण अशा डब्यांत कधी पारा असतो. पारा मेलॅनिन तयार होण्याचं काम जागेवरच अडवतो आणि कातडीतून आत शिरून मूत्रपिंडात जाऊन बसतो. सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याला दहा लाख भागांत एक भाग एवढीसुद्धा मोकळीक देऊ नये, इथपर्यंत जगातले देश पाऱ्याविरुद्धच्या मिनामाटा कराराखाली आले आहेत. ते आपल्या ओळखीतले नाहीत. अकोल्यात एका घरात लेकीने लावलं, मग आईने आणि बहिणीनेही. तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासलं गेलं तेव्हा त्यात पारा निघाला. ती बातमी २०२३ मधली. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही गोरेपणाच्या क्रीमने मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण सापडले. पायावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर एक करा: चेहऱ्याचा आणि लघवीचा काही संबंध असेल असं मनातही आणू नका. सूज उतरवायला काकू काहीतरी सांगतीलच.

हे सगळं गावठी वाटत असेल तर कोरियन पद्धत आहे. दहा पायऱ्या, काचेसारखी त्वचा. थंड हवेसाठी जमवलेले थरावर थर जूनमध्ये दादरला लावून लोकलमध्ये चढा, कुर्ल्यापर्यंत सगळे हनुवटीशी जमा होतील. यातल्या एका सीरममध्ये गोगलगायीचा चिकट स्राव असतो. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या कित्येक घरांत तो रात्री श्रद्धेने थापला जातो. बाटलीवरचं इंग्रजी नाव सोवळ्यातलं आहे.

"पण आता रंगाचं कोण बघतं?" असं म्हणणारे भेटतील. त्यांना खूश ठेवण्याची व्यवस्था झालेली आहे. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीची ग्लो अँड लव्हली झाली. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने वर्णाने स्थळं चाळण्याची सोय काढून टाकली. आपल्याकडचा छापील बायोडेटा मात्र डगमगलेला नाही. गोत्र, नाडी, उंची, वर्ण. तिथे "गहूवर्णी" असं लिहायचं. सावळीला गहूवर्णी, गहूवर्णीला निमगोरी आणि निमगोरीला गोरी, अशी प्रत्येक मुलीला एकेक इयत्ता चढवून देण्याची प्रथा आहे. मुलांच्या रकान्यात पॅकेज असतं.

लग्न ठरलं की पार्लरचं पॅकेज घ्या आणि सगळं शेवटच्या तीन दिवसांत उरका: ब्लीच, फेशियल, पील, वॅक्सिंग, त्यावर हळद, आणि हळदीचा कार्यक्रम दुपारी गच्चीत. परवडत असेल तर ग्लुटाथिओन नावाच्या रसायनाची ड्रिपही चढवून घ्या. त्वचा उजळण्यासाठी ती शिरेतून द्यायला मान्यता नाही, पण खुर्ची आरामाची असते.

एवढं करूनही चेहऱ्याने ऐकलं नाही, तर नाइलाजाने त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. जाताना ट्यूब घरी ठेवा. "आतापर्यंत काय काय लावलंय?" असं विचारतील. ठामपणे सांगा, "काही नाही. फक्त हळद." ते पुन्हा विचारतील. तेव्हा आईकडे बघा, आई म्हणेल, "घरगुतीच सगळं." ते भिंगातून गालावरच्या लाल शिरा बघतील, सुस्कारा सोडतील आणि चिठ्ठीवर साधा मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि तीन महिन्यांनी भेट असं लिहितील. तीन महिने! यावर तुम्ही विचारायचं ते एकच, "डॉक्टर, पण यानं गोरी होईन ना?" त्यांचं उत्तर पुरतं ऐकून घेण्याची गरज नाही. फी द्या, खाली उतरा, समोरच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी पुढे करा आणि दादांना विचारा, "याच्यापेक्षा स्ट्राँग काही आहे का?"