'रोज ८०० कॅलरी, महिन्यात १० किलो': हा तक्ता फॉरवर्ड करण्याआधी हिशेब तपासा

लग्नसराई जवळ आली की एक तक्ता व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो: रोज ८०० कॅलरी खा आणि महिन्यात १० किलो घटवा. सकाळी लिंबू-मध-पाणी, अकराला एक फळ, दुपारी वाटीभर मोडाचे मूग आणि काकडी-टोमॅटो, चारला ग्रीन टी आणि चार बदाम, रात्री भाज्यांचं सूप आणि ग्लासभर ताक. भात, पोळी, तेल बंद. खाली पुरावा म्हणून चार गोष्टी दिलेल्या असतात. पहिल्याच आठवड्यात ३ किलो जातात, भूक लागली म्हणजे चरबी जळतेय, उपाशी राहण्याला नोबेल मिळालंय, आणि शरीर हवं ते साठ्यातून घेतं, म्हणून कमी खाल्ल्याने काही होत नाही.

वजन उतरवायचं तर खर्चापेक्षा कमी खावं लागतं, याबद्दल दुमत नाही. प्रश्न किती कमी खायचं याचा आहे, आणि तिथेच हा तक्ता माणसाला आजारी पाडतो.

'रोज ८०० कॅलरी'

आधी बेरीज करू. लिंबूपाण्यातला चमचाभर मध २० कॅलरी, मध्यम सफरचंद ८०, वाटीभर मोडाचे मूग (म्हणजे कोरडे साधारण ३० ग्रॅम) १०० ते ११०, काकडी-टोमॅटो ३०, चार बदाम ३०, लोणी-साय न घातलेलं सूप ६०, पातळ ताक ४०. एकूण ४०० सुद्धा भरत नाहीत. ज्यांनी हा तक्ता बनवला त्यांनी स्वतःची बेरीजही केलेली नाही. यातली प्रथिनं १५ ग्रॅमच्या आसपास येतात. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोच्या बाईला ५४ ग्रॅम. त्याच संस्थांनी बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीसाठी दिवसाला १,६६० कॅलरी आणि ६५ किलोच्या पुरुषासाठी २,११० कॅलरी धरल्या आहेत. तक्ता त्याच्या पाव भागावर माणसाला दिवस काढायला लावतो.

'महिन्यात १० किलो'

एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. १० किलो चरबी म्हणजे ७७,००० कॅलरी, म्हणजे रोज जवळपास २,५७० कॅलरींची तूट. आता ३८ वर्षांची, ६५ किलो वजनाची, १५८ सेंटिमीटर उंचीची बाई घ्या. विश्रांतीत किती कॅलरी लागतात हे काढायचं मिफ्लिन-सेंट जोर सूत्र १९९० पासून जगभर वापरलं जातं: वजनाची १० पट, अधिक उंचीची ६.२५ पट, वजा वयाची ५ पट, आणि बाईसाठी त्यातून १६१ वजा (पुरुषासाठी ५ अधिक). उत्तर येतं सुमारे १,२९०. नुसतं पडून राहायलाच एवढ्या कॅलरी लागतात. घरकाम आणि बैठी नोकरी धरून याला १.४ ने गुणलं की दिवसाचा खर्च सुमारे १,८०० होतो. म्हणजे तिने महिनाभर अन्नाचा कणही खाल्ला नाही आणि तिचा खर्च जराही घटला नाही, तरी तूट ५४,००० कॅलरींचीच होईल. चरबीत मोजली तर ७ किलो. ८०० कॅलरी खाऊन जेमतेम ४ किलो.

तरीही कुणाचं वजन खरंच त्याहून जास्त उतरलं, तर उरलेलं वजन पाण्याचं आणि स्नायूंचं आहे. स्नायूंचा बहुतेक भाग पाणी असतो, त्यामुळे त्यांच्या एका किलोत चरबीच्या तुलनेत फार कमी ऊर्जा असते. स्नायू झिजले की काटा भराभर खाली येतो आणि माणूस खूश होतो. पण गेलेला ऐवज नेमका टिकवायचा होता तोच असतो.

'पहिल्या आठवड्यात ३ किलो, हाच पुरावा'

हे आकडे खोटे नाहीत, त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. यकृतात आणि स्नायूंत मिळून ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा दोन-तीन दिवसांत रिकामा होतो आणि दीड-दोन किलो लघवीवाटे निघून जातात. आहारातलं मीठ घटल्याने आणखी थोडं पाणी जातं, आतड्यातलं अन्नही कमी होतं. ज्या दिवशी कुणाच्या वाढदिवसाला पुलाव खाल्ला जाईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी यातलं बरंचसं परत येतं. मग 'मला भात सोसत नाही' असा समज पक्का होतो, आणि बिचाऱ्या भाताचा यात काहीही दोष नसतो.

'भूक लागली म्हणजे चरबी जळतेय'

रात्री झोपेत आपण बरीच चरबी जाळतो आणि तेव्हा भूक जाणवत नाही. भूक हा जठरातून आणि मेंदूतून येणारा अन्न मागणारा इशारा आहे. चरबी मोजायचं माप म्हणून तिचा उपयोग नाही.

तूट फार मोठी आणि प्रथिनं फार कमी असली की शरीर साठ्यातून घेतं हे खरं, पण ते फक्त चरबीच घेत नाही. मेंदूला आणि रक्तपेशींना ग्लुकोज लागतं, ते पुरवायला स्नायूंमधली प्रथिनं मोडली जातात. हे थांबवायला दोन गोष्टी लागतात. किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर जोर येईल असा व्यायाम. खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, यातून सुरुवात पुरेशी होते. फक्त चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

'नोबेल मिळालंय'

योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे खरं आहे. ते मिळालं ऑटोफॅजीची यंत्रणा उलगडल्याबद्दल, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने-खराब भाग कसे मोडून पुन्हा वापरतात त्याबद्दल. त्यांचं मूळ काम यीस्टवर होतं. पेशींना उपाशी ठेवून जनुकं शोधली गेली, माणसांचं वजन उतरवलं गेलं नाही. ऑटोफॅजी आणि पोटाचा घेर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'कमी खाल्ल्याने काही होत नाही'

याचं उत्तर १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात मिळालं. तिथले शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी युद्धात लढायला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे रोज सरासरी १,५७० कॅलरींवर ठेवलं. शिवाय त्यांना आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं होतं. लक्षात घ्या, हा आकडा आपल्या तक्त्यातल्या प्रत्यक्ष बेरजेच्या चौपट आहे. त्यांचं वजन सुमारे पाव भागाने घटलं. विश्रांतीतला ऊर्जाखर्च जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. त्यांना थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, केस गळू लागले, कामेच्छा गेली. दिवसभर डोक्यात फक्त अन्न. पाककृतींची पुस्तकं घेऊन बसायचे. पुन्हा मनसोक्त खायला मिळालं तेव्हा आधी चरबी भरून आली, तीही पूर्वीपेक्षा जास्त. स्नायू मागाहून आले. कडक डाएट सोडल्यावर 'कुठून एवढी भूक येते' असं म्हणत स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकाने ही हकिकत वाचावी. ती भूक म्हणजे कमकुवत इच्छाशक्ती नाही.

त्याचबरोबर उलट दिशेने फिरणारा मेसेजही खोटा आहे: 'कमी खाल्लं की शरीर उपासमारीच्या मोडमध्ये जातं आणि वजन उतरायचंच थांबतं, म्हणून जास्त खा.' मिनेसोटातल्या तरुणांचं वजन उतरत राहिलं होतं. खर्च घटतो हे खरं, कारण शरीर लहान होतं, थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक कमी होतं आणि माणूस नकळत हालचाल कमी करतो. पण तो शून्यावर जात नाही. महिनाभर 'हजारच कॅलरी खाऊन' काटा हलत नसेल, तर बहुधा मोजण्यात चूक आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपलं वजन कशानेच उतरत नाही म्हणणाऱ्यांनी सांगितलेलं आणि प्रत्यक्ष खाल्लेलं ताडून पाहिलं. सांगितलेल्या कॅलरी प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघाल्या. ही माणसं खोटं बोलत नव्हती. फोडणीचं तेल, चहातली साखर, मुलाच्या ताटातलं उरलेलं कुणी मोजत नाही.

'तेल पूर्ण बंद'

तक्त्यातला हा सगळ्यात घातक भाग आहे. वजन झपाट्याने उतरताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात स्निग्ध पदार्थ नसतील तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त तिथेच साचून राहतं आणि खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन घटू लागलं की हा धोका बराच वाढतो. दिवसातल्या एका जेवणात तरी ८-१० ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे दोन छोटे चमचे तेल, हवंच.

बंद करायच्या ऐवजी तेल मोजा. छोटा चमचा ५ मिलिलिटरचा, त्यात ४० कॅलरी. मोठा १५ मिलिलिटरचा, त्यात १२०. फोडणीला बाटलीतून थेट ओतताना हा फरक दिसत नाही. घरात चौघे असतील आणि महिन्याला ४ लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज ३३ मिलिलिटर, सुमारे २७० कॅलरी होतात. ३ लिटरवर आणलं की माणशी ५ छोटे चमचे उरतात आणि कुणाच्याही ताटातली पोळी न काढता ६०-७० कॅलरी वाचतात.

मग खायचं किती?

वर काढलेल्या खर्चातून ३०० ते ५०० कॅलरी वजा करा. वैद्यकीय देखरेख नसेल तर बाईने १,२०० च्या आणि पुरुषाने १,५०० च्या खाली जाऊ नये. उंच किंवा खूप हालचाल असलेल्यांसाठी ही पातळीही अपुरी आहे. आपल्या उदाहरणातल्या बाईसाठी १,४५० च्या आसपासचा दिवस असा दिसेल, सगळी मापं कोरडी आणि कच्ची: सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी. दुपारी ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, ४० ग्रॅम मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी आणि १५० ग्रॅम दही. संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू. रात्री ४० ग्रॅम तांदळाचा भात, ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण, २५ ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी आणि कोशिंबीर. दिवसभराचं तेल ५ छोटे चमचे, नेहमीपेक्षा अर्धी साखर घातलेला दुधाचा चहा दोनदा. प्रथिनं ७० ग्रॅमच्या जवळ येतात. अंडी खात असाल तर धिरड्यांच्या जागी दोन अंडी आणि एक पातळ पोळी चालेल. रोज अर्धा तास भरभर चालण्यासह महिन्याला दीड ते पावणेदोन किलो उतरतील. आकडा लहान वाटतो, पण यातला बराचसा भाग चरबीचा असेल.

उपवासाच्या दिवशी मात्र सावध राहा. ७० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट आणि मोठा चमचा तूप यांची खिचडी साडेपाचशेच्या आसपास जाते, आणि प्रथिनं १० ग्रॅमही मिळत नाहीत.

वजन रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. बायकांनी मासिक पाळीच्या त्याच टप्प्यावरच्या आठवड्यांची तुलना करावी. पाळीआधी पाण्यामुळे एखादा किलो सहज वाढतो. तीन आठवडे सरासरी जागची हलली नाही तरच बदल करा. त्यातही आधी तेल, साखर आणि दाणे वजनकाट्यावर मोजून पाहा, जेवण नंतर कापा.

८०० कॅलरी कधीच नाहीत का?

आहेत. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना ३ ते ५ महिने ८२५ ते ८५३ कॅलरींवर ठेवलं गेलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वर्षअखेर ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. पण त्यांना प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि क्षार मोजून भरलेलं तयार पेय दिलं जात होतं, मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं पहिल्याच दिवशी बंद केली होती आणि नियमित तपासणी होत होती. मूग-काकडीच्या तक्त्यात यातलं काहीच नाही. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना तो सुरू केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना, साखर फारशी वाढलेली नसतानाही, कीटोॲसिडोसिस (रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं) होऊ शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर याच्या वाटेलाही जाऊ नये. बाळंतपणानंतर पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात.

तक्ता आधीच सुरू केला असेल आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, पाळी चुकली असेल, किंवा जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, तर तो आजच थांबवून डॉक्टरांना दाखवा. केस मात्र दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात, तेव्हा कारण आठवतही नाही. पाच दिवसांहून जास्त जवळपास काहीच खाल्लं नसेल तर खाणं वाढवणंही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं, कारण रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम एकदम घसरू शकतं. बाकीच्यांनी दर तीन-चार दिवसांनी १५०-२०० कॅलरी वाढवाव्यात, आधी डाळ-दही-अंडी आणि मग भाकरी-भात. पहिल्या आठवड्यात काटा एक-दीड किलो वर जाईल. ते ग्लायकोजेनसोबत परतलेलं पाणी आहे. ते पाहून पुन्हा तक्त्याकडे वळू नका.