नव्या बाजारपेठेत जुना दुकानदार आपोआप टिकत नाही

शहराच्या जुन्या मध्यवर्ती भागाच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव महापालिकेच्या सभागृहात आला की एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो, आणि सभेच्या आधी आणि नंतरही तो समाजमाध्यमांवर फिरत राहतो. त्याचा आशय असा: जुना बाजार तसाही मोडकळीला आलेला आहे, तो पाडून नवे संकुल उभारले की वर्दळ वाढेल आणि वर्दळीबरोबर स्थानिक व्यावसायिकांचेही भले होईल, ज्यांना हलावे लागते त्यांना भरपाई मिळतेच, त्यापलीकडे दुकानदारांना आधार देणे म्हणजे न चालणाऱ्या धंद्यांवर करदात्यांचा पैसा उधळणे आहे, आणि विकासकावर फार अटी लादल्या तर तो प्रकल्प घेऊन दुसऱ्या शहरात जाईल. ही सगळी विधाने एका दमात ऐकली तर पटतात. त्यामुळेच ती सुटी करून तपासली पाहिजेत.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. गळकी छपरे, धोकादायक जिने आणि आग लागली तर बंब आत शिरणार नाही अशा गल्ल्या जपून ठेवण्यात दुकानदाराचेही हित नाही. माझा आक्षेप आहे तो इमारतींचा प्रश्न सुटला की दुकानदारांचा प्रश्नही सुटतो, या गृहीतकाला.

पहिले विधान असे की बाजार आधीच मेलेला आहे, आणि पुरावा म्हणून बंद गाळ्यांचे फोटो दाखवले जातात. इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. एखाद्या भागाचा पुनर्विकास होणार असे जाहीर झाले की त्या दिवसापासून तिथले व्यवहार बदलतात. घरमालक पाच वर्षांचा भाडेकरार करायचे थांबवतो आणि अकरा महिन्यांवर किंवा महिन्या-महिन्यावर येतो. जागेचा भरवसा नसल्यामुळे बँक दुकानाच्या नूतनीकरणाला कर्ज देत नाही, आणि दिले तरी पाडल्या जाणाऱ्या गाळ्यात नवी फरशी आणि नवे फर्निचर घालायला दुकानदाराचा हात धजत नाही. दुरुस्ती थांबते, दिवे बंद राहतात, रिकामा झालेला गाळा पुन्हा कोणी भाड्याने घेत नाही, आणि शेजारच्या दुकानाचे गिऱ्हाईकही पातळ होते. आराखडा जाहीर होणे आणि काम प्रत्यक्ष सुरू होणे यांत कित्येकदा दहा-दहा वर्षे जातात. तेवढ्या काळात बाजाराची जी दशा होते तीच मग बाजार पाडण्याचे समर्थन ठरते. म्हणून सभागृहात बंद गाळ्यांची संख्या मांडली गेली की नगरसेवकांनी विचारायचा प्रश्न एकच आहे: प्रकल्प जाहीर होण्याच्या आदल्या वर्षी ही संख्या किती होती?

दुकाने खरोखरच गरजेपेक्षा जास्त झालेली असतात अशी शहरेही आहेत, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडमधील स्टॉकटन-ऑन-टीज इथे नगर परिषदेने शहराच्या मध्यातील दोन व्यापारी संकुले आधी स्वतः विकत घेतली, त्यांतील कॅसलगेट हे संकुल पाडून तिथे नदीकाठी उद्यान करायचे ठरवले आणि व्यापार उरलेल्या भागात एकवटण्याचे धोरण स्वीकारले. दोन्ही संकुलांची मालकी परिषदेकडे असल्यामुळे दुकानांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जागा देणे तिच्या हातात होते. दुकाने कमी करणे हेच उद्दिष्ट असले तरी उरलेल्या दुकानांची जागा आधी ठरवता येते, एवढे त्यावरून दिसते.

दुसरे विधान वर्दळीचे, आणि सगळ्या युक्तिवादाचा कणा तेच आहे. वर्दळ वाढते हे बहुतेक वेळा खरे असते. पण वाढलेल्या वर्दळीचा पैसा कोणाच्या खिशात जातो, हे दुकानाच्या गल्ल्यावरून ठरत नाही, भाडेकरारावरून ठरते. छोट्या व्यावसायिकांपैकी फार मोठा वर्ग भाड्याच्या जागेत धंदा करतो. परिसर सुधारला की जागेची किंमत वाढते आणि ती वाढ मालकाची असते. भाडेकरूच्या वाट्याला पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी वाढीव भाडे येते. नव्या इमारतीत तर हिशेब अधिकच कठोर असतो, कारण बांधकामाचा खर्च आणि त्यावरचे व्याज भाड्यातून वसूल करायचे असते, तर जुनी, कधीच फिटलेली इमारत कमी भाड्यातही मालकाला परवडते. चाव्या बनवणारा, शिवणयंत्रे दुरुस्त करणारा, जुनी पुस्तके विकणारा, कपडे उसवून पुन्हा शिवून देणारा, हे सगळे धंदे त्या कमी भाड्यावरच उभे असतात. त्यांना गिऱ्हाईक नसते असे नाही. प्रत्येक गिऱ्हाइकामागे मिळणारी रक्कम छोटी असते आणि दिवसाला किती कामे हातावेगळी होतील याला माणसाच्या दोन हातांची मर्यादा असते. अशा दुकानासमोरून जाणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली म्हणून त्याचे उत्पन्न दुप्पट होत नाही. भाडे मात्र दुप्पट होऊ शकते.

त्यात भर पडते ती भाडेकरू निवडण्याच्या पद्धतीची. नव्या संकुलाला ज्या बँकेने कर्ज दिलेले असते तिला गाळे भक्कम पत असलेल्या भाडेकरूंना दिलेले हवे असतात. म्हणून अर्जासोबत तीन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, बँक हमी, मोठी अनामत, आणि कोऱ्या भिंतींच्या गाळ्यात स्वखर्चाने सजावट करण्याची तयारी मागितली जाते. वीस-पंचवीस वर्षे एकाच कोपऱ्यावर इमानाने धंदा केलेल्या माणसाकडे यांतले काही नसते. शेकडो शाखा असलेल्या साखळी दुकानाकडे सगळेच असते. जुन्या दुकानदाराला कोणी मुद्दाम हाकलत नाही, तो अर्जाच्या पहिल्याच पानावर गळतो.

रस्ता सुशोभित केला की बाजार जगतो, हाही याच विधानाचा एक पोटभाग. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलामझू शहराने 1959 मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता मोटारींना बंद करून तिथे पादचारी मार्ग केला. देशातला तो तशा प्रकारचा पहिला प्रयोग मानला जातो आणि पुढे अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. पण गिऱ्हाईक उपनगरांतील संकुलांकडे जात राहिले, आणि 1998 मध्ये त्या मार्गाचा काही भाग पुन्हा वाहनांना खुला करावा लागला. त्याउलट कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा रस्ता 1962 मध्ये पादचाऱ्यांसाठी राखला गेला तेव्हा व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता, आणि आज तो युरोपातील सर्वांत गजबजलेल्या बाजाररस्त्यांपैकी एक आहे. दोन्हीकडे मोटारी हटल्या, दोन्हीकडे फरसबंदी झाली. फरक मुख्यतः आजूबाजूला राहणाऱ्या माणसांचा होता. कोपनहेगनचा मध्यभाग वस्तीचा होता. अमेरिकी शहरांच्या मध्यभागातून वस्तीच उपनगरांकडे निघून चालली होती. मेलबर्नच्या पालिकेने हे ओळखून 1992 मध्ये रिकाम्या पडलेल्या कार्यालयीन इमारतींचे घरांत रूपांतर करण्याला उत्तेजन देणारी ‘पोस्टकोड 3000’ ही योजना सुरू केली आणि संध्याकाळी ओस पडणारा मध्यभाग पुन्हा राहता केला. दुकानांना आधार द्यायचा तर आधी त्यांच्या माथ्यावर माणसे राहायला आणावी लागतात, ही गोष्ट सुशोभीकरणाच्या निविदेत कुठेच नसते.

तिसरे विधान भरपाईचे. भरपाई मिळते हे खरे, पण ती कशाची मिळते ते पाहावे. जमिनीची किंमत जमीनमालकाला मिळते; भाडेकरू दुकानदाराला फार तर सामान हलवण्याचा खर्च आणि काही ठोक रक्कम. त्याची खरी मिळकत म्हणजे त्या जागेवर जमलेले गिऱ्हाईक, उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी, आणि शेजारच्या दुकानातून आपसूक येणारी माणसे. ती कोणत्याही पंचनाम्यात धरली जात नाही. अमेरिकेत 1954 मध्ये बर्मन विरुद्ध पार्कर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली मालमत्ता हे वॉशिंग्टनमधील एक चालते दुकान होते. आमचे दुकान काही झोपडपट्टी नव्हे, असे त्या दुकानाच्या बाजूचे म्हणणे होते. न्यायालयाने एकमताने निकाल दिला की संपूर्ण परिसराचा एकत्र विचार करून पुनर्विकास करता येतो आणि त्यातली एखादी इमारत सुस्थितीत असली म्हणून ती वगळण्याचे बंधन नाही. हलवल्या गेलेल्या कुटुंबांना आणि व्यवसायांना साहाय्य देण्याचे एकसमान नियम करणारा संघीय कायदा तिथे 1970 मध्ये आला. तोपर्यंत अनेक शहरांतील जुने बाजार जमीनदोस्त झाले होते. व्यवसायाच्या नावलौकिकाची किंमत आजही तिथे सर्वसाधारणपणे भरपाईत धरली जात नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्याला त्यासाठी कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली.

शिवाय भरपाईइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, कामाच्या क्रमाचा प्रश्न असतो. नवा गाळा तयार होण्याआधी जुना रिकामा करावा लागला तर मधली वर्षे दुकानदाराने कशावर काढायची? छोट्या दुकानाजवळ दोन-तीन महिने तग धरण्याइतकीच गंगाजळी असते. म्हणून आधी नवे बांधा, मग हलवा आणि मगच पाडा, हा क्रम ठरावात लिहिला गेला नाही तर परतण्याचा हक्क कागदावरच राहतो. ज्याला परत यायचे तो तोपर्यंत धंद्यातच उरलेला नसतो.

चौथे विधान असे की दुकानदारांना आधार म्हणजे उधळपट्टी. हे म्हणणारे सोयीस्करपणे विसरतात की विकासकाला आधार आधीच दिलेला असतो: सार्वजनिक जमीन, वाढीव बांधकामाची परवानगी, रस्ते आणि सांडपाण्याची कामे, करातील सवलती. ती गुंतवणूक म्हणून मोजली जाते आणि दुकानदाराला दिलेली मदत तेवढी खैरात ठरते. दुसरे असे की चांगल्या योजनांत पैसा वाटून संपत नाही. पॅरिस महापालिकेने 2004 मध्ये सुरू केलेल्या ‘व्हितालकार्तिए’ योजनेत सेमाएस्त या तिच्या कंपनीने निवडक भागांत तळमजल्यावरचे गाळे विकत घेऊन ते परिसराला हव्या असलेल्या व्यवसायांना भाड्याने दिले. एकाच प्रकारच्या घाऊक व्यापाराने सगळे गाळे व्यापलेले रस्ते त्यामुळे पुन्हा मिश्र होऊ लागले, आणि त्या खर्चातून पालिकेच्या हाती मालमत्ताच आली. सॅन फ्रान्सिस्कोने 2015 मध्ये मतदारांच्या कौलाने तीस वर्षांहून जुन्या व्यवसायांसाठी निधी उभारला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद म्हणजे अशा व्यवसायाला किमान दहा वर्षांचा भाडेकरार देणाऱ्या घरमालकालाही त्यातून अनुदान मिळते. रोगाचे मूळ भाडेकरारात आहे हे ज्याने ओळखले त्यानेच ही तरतूद लिहिली असणार.

सरसकट सवलतींबद्दल मात्र मी इतका आश्वस्त नाही. इंग्लंडमध्ये 2017 पासून 12,000 पौंडांपर्यंत करमूल्य (कर आकारण्यासाठी ठरवलेले जागेचे वार्षिक भाडेमूल्य) असलेली एकच जागा वापरणाऱ्या व्यावसायिकाला मालमत्ता कर पूर्ण माफ आहे, आणि त्याने अनेकांना श्वास घेता आला. पण भाडे मोकळे असेल तर करात वाचलेला पैसा पुढच्या करारात मालकाकडे सरकण्याचा धोका राहतोच.

व्यापारी नुसते हात पसरतात हेही खरे नाही. टोरंटोतील ब्लूर वेस्ट व्हिलेज या भागातील दुकानदारांनी 1970 मध्ये आपल्या सगळ्यांवर सक्तीची वर्गणी बसवावी अशी व्यवस्था स्वतःहून मागून घेतली, आणि तिथूनच व्यापार-सुधार क्षेत्रांची, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून परिसर सुधारण्याची, कल्पना जगभर गेली. इंग्लंडमध्ये असे क्षेत्र स्थापण्यासाठी मतदान होते तेव्हा मतदात्यांच्या संख्येनेही बहुमत लागते आणि करमूल्यानेही, म्हणजे मोठ्यांना छोट्यांवर किंवा छोट्यांना मोठ्यांवर निर्णय लादता येत नाही.

शेवटचे विधान धमकीचे आहे: अटी घातल्या तर विकासक जाईल. डेट्रॉइटने 1981 मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी पोलटाउन ही वस्ती रिकामी केली. सुमारे 4,200 रहिवासी आणि 140 व्यवसाय उठवले गेले, आणि बदल्यात सुमारे 6,000 नोकऱ्यांचे आश्वासन होते. प्रत्यक्षातला रोजगार त्याच्या बराच खाली राहिला. ज्या निकालाच्या आधारे हे घडले तो मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वतःच फिरवला. अमेरिकेतल्याच कनेक्टिकट राज्यातील न्यू लंडन शहराने फायझर या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रालगतच्या प्रकल्पासाठी घरे संपादन केली. त्याविरुद्धच्या केलो खटल्यात 2005 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी शहर जिंकले; 2009 मध्ये फायझरने ते केंद्र सोडण्याचे जाहीर केले आणि रिकामी केलेली जमीन वर्षानुवर्षे पडून राहिली. या दोन्ही ठिकाणी कंपनीला हवे ते देण्यात शहराने कसर ठेवली नव्हती.

उलट उदाहरण लंडनचे. एलिफंट अँड कॅसल इथले 1965 चे व्यापारी संकुल पाडण्याच्या प्रस्तावाला तिथल्या सदर्क या स्थानिक परिषदेच्या नियोजन समितीच्या सदस्यांनी जानेवारी 2018 मध्ये विरोधात मतदान केले. विकासक पळून गेला नाही. तो सुधारित प्रस्ताव घेऊन परतला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मंजुरी मिळाली. तोपर्यंत लॅटिन अमेरिकी वंशाच्या अनेक दुकानदारांनी आणि रहिवाशांनी लावून धरलेल्या मागण्यांमुळे स्थलांतर निधी, सवलतीच्या भाड्याची जागा आणि जवळच तात्पुरता बाजार या गोष्टी प्रकल्पाला जोडल्या गेल्या होत्या. संकुल सप्टेंबर 2020 मध्ये बंद झाले तेव्हा सगळ्या दुकानदारांना पर्यायी जागा मिळालेली नव्हती, आणि ती त्या तडजोडीची मोठी उणीव आहे. पण ज्यांना मिळाली त्यांना ती परवानगीला जोडलेल्या बंधनकारक करारातून मिळाली, आणि अशा करारात काय लिहायचे हे पालिकेला मंजुरी देण्याआधीच ठरवता येते. मंजुरीचा शिक्का उमटल्यानंतर विकासकाशी बोलायला तिच्याजवळ विनंतीशिवाय काही उरत नाही.