मृत्यूचा एक दाखला किती टेबलांवर फिरवायचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'आपले सरकार' या ऑनलाइन पोर्टलच्या पाचशे सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्याची घोषणा केली आणि त्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. तेव्हापासून नाशिकच्या लोकांशी बोलताना हा विषय निघाला की गाडी आकड्यांवर येते. किती सेवा ऑनलाइन झाल्या, किती उरल्या, शेजारची राज्यं कुठवर पोचली. ब्रिटनमध्ये राहून ही चर्चा ऐकताना मला सारखं वाटतं की आपण चुकीची गोष्ट मोजतो आहोत. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या बाईने मोबाइलवर अर्ज सुरू केला, तर तो तिच्याच हाताने पुरा झाला का? अडला असेल तर कोणत्या रकान्यावर? हा हिशेब कुणी ठेवत असेल तर तो लोकांसमोर येत नाही.

घरातलं माणूस जातं तेव्हाची कामं घेऊ. इकडे मृत्यूची नोंद करायला निबंधकाकडे गेलं की तो 'टेल अस वन्स' या सेवेचा संदर्भ क्रमांक देतो. तो क्रमांक टाकून घरच्यांनी ऑनलाइन किंवा फोनवर एकदाच माहिती द्यायची. करखातं, निवृत्तिवेतन, पासपोर्ट, वाहन परवाना, स्थानिक नगरपरिषद या सगळ्यांना तिथूनच कळवलं जातं. बँका त्यात येत नाहीत, त्यांना वेगळं सांगावं लागतं. पण सरकारची दारं वेगवेगळी ठोठवावी लागत नाहीत.

आता दिंडोरीत जमिनीचा खातेदार वारला तर काय होतं ते बघा. एकवीस दिवसांच्या आत मृत्यूची नोंद, मग दाखला. त्या दाखल्याची प्रत घेऊन वारस नोंदीचा अर्ज, रेशन कार्डातून नाव कमी करणं, सोसायटी आणि जिल्हा बँकेतलं खातं, वीज मीटरवरचं नाव, पीएम किसान, मतदार यादी. दाखला तोच, माहिती तीच, टेबलं मात्र वेगळी. त्यातली वारस नोंद सगळ्यात महत्त्वाची. अर्जासोबत दाखला, वंशावळ आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते द्यायचे. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचे तलाठी, चौकशी करून गाव नमुना ६-क या वारसांच्या नोंदवहीत नोंद घेतात. मग फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीमुळे हा अर्ज घरून करता येतो, ही खरोखर चांगली सुधारणा आहे. तरीही २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांची नावं हटवावी लागली. अर्जाची सोय होती, तरी इतके सातबारे मयतांच्या नावावर राहिले, कारण मृत्यूची नोंद झाली हे जमिनीच्या नोंदवहीला आपणहून कळत नाही.

ते कळावं यासाठी कायद्यात वाटही झाली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिने या नोंदींचा राष्ट्रीय साठा ठेवण्याची आणि तो मतदार यादी, रेशन कार्ड, मालमत्ता नोंदणी अशा यंत्रणांना पुरवण्याची तरतूद केली. नाशिकमधल्या चर्चेत या तरतुदीचं नावही निघत नाही याचं मला वाईट वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा हिचा उपयोग मोठा आहे.

पंधरा दिवसांची नोटीस घाईघाईने काढून टाका असं मात्र मी म्हणणार नाही. इकडेही मयताच्या नावावरचं घर वारसांकडे जायला प्रोबेटची, म्हणजे मयताची मालमत्ता हाताळण्याचा अधिकार न्यायालयाकडून मिळवण्याची, वेगळी प्रक्रिया असते आणि तिला अनेकदा महिने लागतात. नोटिशीमागे कारण आहे: वंशावळीतून लेकीचं नाव गळलेलं असलं तर तिला बोलायला वेळ मिळायला हवा. सुधारणा करायची ती इथे. प्रत्येक वारसाचा मोबाइल क्रमांक सक्तीने घ्यावा आणि फेरफार पडला त्याच दिवशी साध्या मराठीत संदेश जावा: कुठल्या गटाची नोंद, कोणाकोणाची नावं, हरकतीची शेवटची तारीख. संगमनेरला दिलेल्या मुलीला चावडीवर लावलेली नोटीस कशी दिसणार?

बारीक अडथळ्यांबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, पण माणूस तिथेच थकतो. 'आपले सरकार'वर कागदपत्र ७५ ते ५०० केबीच्या मधलं आणि फोटो ५ ते २० केबीचा लागतो. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो सहज दोन-तीन एमबीचा होतो. तो लहान कसा करायचा हे न कळल्यामुळे माणूस महा ई-सेवा केंद्रात जातो, आणि घरबसल्या व्हायचं काम पुन्हा रांगेत येतं. फोटो लहान करणं अर्जदाराचं काम नव्हेच. निवडलेला फोटो फोनच्या ब्राउझरमध्येच लहान करून मग पाठवता येतो. त्यासाठी लागणारा कोड थोडासा असतो, आणि पेठ-हरसूलच्या क्षीण नेटवर्कवर अपलोडही लवकर होतो.

दुसरा अडथळा नावाचा. सातबाऱ्यावर 'ज्ञानेश्वर' मराठीत, आधारवर इंग्रजी अक्षरांत कधी 'डी'ने सुरू होणारा, कधी 'जी'ने. शेतकरी ओळख क्रमांकासाठी दोन्ही नावं जुळवताना यंत्राला ते दोन माणसं वाटतात. अक्षर जुळत नाही म्हणून अर्ज फेटाळू नये. तो माणसाच्या तपासणीला जावा आणि एकदा केलेली जुळणी पुढच्या प्रत्येक योजनेला मान्य व्हावी.

एका सेवेतली उणीव दुसरीला कशी बुडवते हे कांद्याने दाखवलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ मध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर झालं. अट अशी की सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतून, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवर केलेल्या पीक नोंदीतून, कांद्याची नोंद हवी. लासलगाव, निफाड, येवल्यातल्या कित्येकांकडे विक्रीच्या पट्ट्या होत्या, माल बाजार समितीत उतरला होता, पण पीक पाहणी झालेली नव्हती. शेवटी अट सैल करावी लागली. अटी लिहिणाऱ्याने आधी एकच प्रश्न विचारायला हवा होता: ही नोंद किती जणांच्या सातबाऱ्यावर आज आहे?

परदेशातलं सगळं सरस असं समजू नये. ब्रिटनने ओळख पटवण्यासाठी 'व्हेरिफाय' नावाची सेवा २०१६ मध्ये सुरू केली. २०२० पर्यंत अडीच कोटी लोक ती वापरतील अशी अपेक्षा होती. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय लेखापरीक्षण अहवालाप्रमाणे तोवर ३६ लाखच आले होते आणि पहिल्या प्रयत्नात ओळख पटण्याचं प्रमाण ४८ टक्के होतं. २०२३ मध्ये ती बंद झाली. आधार आणि डिजिलॉकरने आपण त्यापेक्षा पुष्कळ पुढे आहोत. पण ते अपयश मोजलं गेलं आणि छापलं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०११ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या सरकारी डिजिटल विभागाने प्रत्येक सेवेला चार मोजमापं लावली: एका व्यवहाराचा खर्च, लोकांचं समाधान, सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी पूर्ण केलं, आणि किती जण ऑनलाइन वाटेने आले. फॉर्मही तसेच बांधले. एका पानावर शक्यतो एकच प्रश्न, चूक झाली तर नेमकी कुठे आणि काय दुरुस्त करायचं ते पानाच्या वर, आणि पाठवण्याआधी सगळी उत्तरं तपासायचं पान. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना मदत पुरवणं हाही सेवेचाच भाग धरला जातो. आपलं सेतू केंद्र तेच काम करतं, म्हणून सेतू बंद करण्याची भाषा मला पटत नाही.

आपल्याकडे कायद्याचा आधार आहे तो महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा. मुदतीत सेवा, नाकारली तर लेखी कारण, दोन अपिलं आणि वर आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. अर्ज मात्र 'त्रुटी'चा शेरा घेऊन परत येतो तेव्हा कायद्याचं हे बळ हाती लागत नाही. एक त्रुटी भरून काढली की दुसरी निघते. सगळ्या त्रुटी पहिल्याच वेळी, एकत्र, मराठीत सांगणं बंधनकारक व्हावं आणि नंतर नवी त्रुटी काढायची झाली तर वरिष्ठांची मंजुरी लागावी.

सुरुवात नाशिकलाच करता येईल. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांमुळे उत्पन्नाच्या दाखल्यांची गर्दी उसळते. त्या महिन्यात जिल्ह्यातल्या पंधरा तालुक्यांतून परत गेलेले अर्ज कारणांनुसार वेगळे काढावेत आणि ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयाने जाहीर करावी. सगळ्यात वर असलेलं कारण पुढच्या मेपर्यंत फॉर्ममधूनच काढून टाकावं. त्याआधी त्र्यंबकेश्वर, मालेगाव आणि सिन्नरच्या दहा-दहा लोकांना तो फॉर्म त्यांच्याच फोनवर भरायला द्यावा, आणि बनवणाऱ्यांनी शेजारी बसून, एक शब्दही न सांगता, फक्त बघावं.