‘2000 रेटिंग ही शुद्ध फसवणूक’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या बुद्धिबळाच्या कॉम्प्युटरने तुमची निराशा झाली आणि आमच्या उत्तरालाही उशीर झाला, याबद्दल दिलगीर आहोत. पण ‘फसवणूक’ हा शब्द फार लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हीच म्हणता की 35 चालींचा डाव दहा मिनिटांत संपला आणि कॉम्प्युटर हरला. आता हिशेब बघा. खोक्यावरचं 2000 रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, दोन तासांत 40 चाली, म्हणजे चालीला सरासरी 3 मिनिटं, या लेव्हलचं आहे. तसं आकड्याखालीच छापलंय. त्या लेव्हलला एकट्या मशीननेच तास-दीड तास घेतला असता! तुमचं मशीन चालीला 5 सेकंदांवर होतं. बॅटऱ्या काढून परत घातल्या की ते आपोआप तिथेच येतं.

5 सेकंद आणि 180 सेकंद म्हणजे 36 पट. वेळ पाच वेळा दुप्पट करण्याहूनही थोडं जास्त. या जुन्या धाटणीच्या मशीनमध्ये वेळ दुप्पट केला की ताकद साधारण 50 ते 70 गुणांनी वाढते. तेव्हा तुम्ही हरवलंत ते 1650-1750 च्या आसपासचं मशीन. जिंकलात, अभिनंदन, पण 2000 ला नाही हरवलंत.

‘सुरुवातीच्या चाली विचार न करता खेळतं’ हे ओपनिंग बुक. त्या चाली साठवलेल्या असतात, कुठल्याही लेव्हलला लगेच येतात.

‘नंतर एका चालीवर अर्धा तास अडकलं’ याचंही कारण आहे. मशीन बॅटऱ्यांसकट परत आलं तेव्हा त्यात फिक्स्ड डेप्थ, म्हणजे किती चाली पुढचं बघायचं ती खोली, लावलेली होती. तिथे घड्याळ बघितलंच जात नाही. ठरलेल्या खोलीपर्यंत शोध पुरा झाल्याशिवाय चाल येत नाही. दोन्ही वजीर पटावर आणि मारामारीच्या शक्यता भरपूर, की वेळ फुगतो. उलट प्याद्यांच्या एंडगेममध्ये तीच खोली क्षणात गाठली जाते आणि जिथे लांबचं बघायला हवं तिथेच मशीन कच्चं खेळतं. वर ‘ईझी’ चालू, म्हणजे तुम्ही विचार करत असताना ते नुसतं बसून!

लेव्हलची सूचना यापुढे आणखी ठळक करायचं बघतो. तुमचं मशीन तपासून ठेवलंय, दोष काही नाही. मागवलंत तर अडॅप्टर लावा, डिस्प्लेवर 3:00 आणा, ‘ईझी’ बंद करा आणि एक डाव पूर्ण वेळ देऊन खेळा. त्यानंतरही पैसे परत हवे असतील तर देऊ.