दुपारी बाराची वीज

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले दोन महिने एकच भांडण चालू आहे: सोलापूरच्या गच्चीवर सोलर बसवायचं की नाही. आप्पांना बसवायचंय. ३ किलोवॉटला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान मिळतं, आणि जुळे सोलापुरातल्या त्यांच्या मित्राला म्हणे बिल नावापुरतं येतं. आईचा प्रश्न साधा आहे: कुरडया कुठं वाळवायच्या? चुलतभाऊ म्हणतो, नियम उद्या बदलतील, मग बसा बोंबलत. मी जर्मनीतल्या स्टुटगार्टहून मध्ये तोंड घातलं की तो लिहितो, "तुला काय बे, तिथं गारव्यात बसून सांगायला!"

गारव्यात बसूनच सांगतो. माझ्या भाड्याच्या घराच्या बाल्कनीला दोन पॅनेल टांगलेत. ८०० वॉटपर्यंत इथं भाडेकरूलाही लावता येतात, आणि सबळ कारण नसेल तर घरमालकाला अडवता येत नाही. डिसेंबरात ती नुसती शोभेला असतात. एक किलोवॉट इथं वर्षाला हजारेक युनिट देतो, सोलापुरात सहज चौदाशे. पण इथं एका युनिटला ३५ युरो सेंटांच्या आसपास, म्हणजे तीस रुपयांच्या वर मोजावे लागतात. म्हणून परवडतं.

आमच्या घरमालकांचं प्रकरण वेगळं. त्यांनी २००४ साली छतावर पॅनेल बसवली, तेव्हा सरकारने युनिटला ५७ सेंट भाव वीस वर्षांसाठी बांधून दिला होता. सोन्याचं अंडंच. २०२४ संपताना ती हमी संपली. आज नवीन छताला ८ सेंटही नीट मिळत नाहीत. पॅनेल स्वस्त होत गेली तसा हा भावही उतरत गेला. आता जिकडेतिकडे छतावर पॅनेल आहेत आणि मे महिन्याच्या दुपारी वीज उतू जाते. २०२४ मध्ये ४५७ तास असे होते की जर्मनीच्या घाऊक बाजारात विजेचा भाव शून्याच्याही खाली गेला, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच वर पैसे मिळाले. मालक आता कपड्यांचं मशीन ठरवून दुपारी बाराला लावतात.

चुलतभावाची भीती खरी आहे ती इथे. आपल्याकडे नेट मीटरिंगमध्ये दिवसाची जादा वीज ग्रिडला द्यायची आणि रात्री तेवढीच परत घ्यायची. जणू शेजारणीकडे वाटीभर साखर ठेवली. पण दुपारची वाटी आणि रात्रीची वाटी सारखी नसते. रात्री सगळं गाव कूलर लावून बसलेलं असतं. दिवसाची वीज रात्रीच्या वापरात वळती करू द्यायची का, यावरून महाराष्ट्रात वाद झडतोच आहे. ही सोय काढून घेण्याला आप्पा लुबाडणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. 'बिल शून्य' या एका आकड्यावर विकलेल्या योजनेत हे कधीतरी येणारच होतं. आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, एवढं मात्र खरं. तसंच हेही की लाईट गेली की गच्चीवर रणरणतं ऊन असूनही साधं ग्रिडवालं सोलर बंद पडतं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल.

पण सोलापूरकडे एक जमेची गोष्ट आहे: दुपारचं काम. शहराच्या पूर्वभागात टॉवेल-चादरींचे माग खडखडतात ते भर दुपारीही. म्हणजे ऊन आणि खप एकाच वेळी. साठवण नको, वळतं करणं नको. अडचण अशी की यंत्रमागाला सरकार वीज सवलतीत देतं, त्यामुळे पॅनेलचा खर्च वसूल व्हायला कारखानदाराला जास्त वर्षं लागतात. शिवाय जुन्या पत्र्याच्या शेडला वजन पेलेल का, तेही बघावं लागतं. तरी अनुदान गच्च्यांवर वाटण्याआधी मी ते या पत्र्यांवर घातलं असतं.

शेतीचंही तेच. मोहोळकडे मामांनी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून दहा टक्के भरून पंप घेतला. किती वाचले हे ते सांगत नाहीत. रात्री बॅटरी घेऊन साप-विंचवातून दारं धरायला जावं लागत नाही, एवढंच सांगतात.

आता आमची गच्ची. उन्हाळ्यात पारा ४४ वर गेला की पॅनेल पासष्टच्या पुढे तापतं, आणि पंचविसच्या वरच्या प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटतं. वर धूळ. आणि ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं पॅनेल धुवायला पाणी कोण देणार? यावर ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. आईने फक्त अंगठा पाठवला.

मी लिहिलं: दोनच किलोवॉट बसवा, अनुदान ६० हजार मिळेल, अर्धी गच्ची कुरडयांना राहील, पाण्याची मोटर आणि मिक्सर दुपारी चालवा.

चुलतभावाचे चार माग आहेत. रात्री उशिरा त्याने वेगळा मेसेज टाकला, ग्रुपवर नाही. "दिवसपाळीचं पटलं. रातपाळीचं काय?"

रातपाळी सध्या तरी सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांसारख्यांवरच चालणार. १३२० मेगावॉट, कोळसा बाहेरून, पाणी उजनीचं. बॅटऱ्या स्वस्त होताहेत, पण चार मागांच्या कारखानदाराला आज घे म्हणून सांगायची माझी छाती नाही. तसंच कळवलं त्याला.