सिलिकॉन फासणं म्हणजे दुरुस्ती नव्हे!

जून लागला की पुन्हा तेच. रात्रभर पाऊस, सकाळी गाडीचं दार उघडावं तर कुबट वास आणि पायाखालचं कार्पेट चिंब. पुण्यात कुठल्याही गॅरेजात जा, उपाय एकच: काचेच्या कडेनं सिलिकॉनची ट्यूब फासायची!

अरे, आधी पाणी कुठून येतंय ते तर बघा! मारुती ८००सारख्या जुन्या गाड्यांत समोरची काच रबरात बसवलेली असते. उन्हानं ते रबर कडक होतं, आखडतं, कोपऱ्यात फट पडते. पाणी वरून शिरतं, रबराखालून वाहत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. दिसतं तिथं लेप लावून काय होणार? उलट आत शिरलेलं पाणी तिथंच कोंडतं आणि पत्रा गंजतो. आंबट वासाचं स्वस्त सिलिकॉन असेल तर त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला आणखीच खातं.

दरवाजाकडे तर कुणी बघतच नाही. खिडकीच्या काचेवरून थोडं पाणी दरवाजाच्या पोटात उतरणारच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. ती भोकं चिखलानं तुंबलेली, आतल्या पॅनेलमागचं पाणी अडवणारं प्लॅस्टिक आधीच्या कारागिरानं फाडून फेकलेलं. मग पाणी आत येणार नाही तर काय?

गळती शोधायला एकानं बाहेरून पाइपनं खालून वर हळूहळू पाणी मारायचं, दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. एवढंच! रबर नाना पेठेतून मी आणून देतो, मजुरीही देतो. पण काच उतरवायची म्हटलं की उत्तर ठरलेलं: "साहेब, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." का चालायचं?