फाईन आर्टची डिग्री, दहा लाखांचं कर्ज आणि अर्धवट हिशोब

बारावीचा निकाल जवळ आला की सांगली-मिरजेच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: फाईन आर्टच्या डिग्रीला आठ-दहा लाख कर्ज होतं, नोकरी लागते बारा हजारांची, चित्रं कोणी विकत घेत नाही आणि उरलंसुरलं काम आता एआय करतं. तेव्हा पोरांच्या हौसेपायी घर गहाण टाकू नका, आयुष्यभर हप्ते फेडत बसाल.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करतो. दहा लाखांचं कर्ज काढून ही डिग्री करू नये. दरवर्षी अडीच लाख उचलले आणि व्याज ११ टक्के धरलं, तर शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं सवलतीचं (हप्ता न भरण्याचं) एक वर्ष मिळून नुसतं सरळव्याज ३ लाख ८५ हजार होतं. फेड सुरू होते तेव्हा डोक्यावर १३ लाख ८५ हजार असतात आणि दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता महिना १९ हजारांच्या वर जातो. सुरुवातीच्या पगारात तो बसत नाही. पण कर्ज दहा लाखांचं व्हायलाच हवं, हे कुणी ठरवलं? मेसेज फसतो तो तिथे.

"आठ-दहा लाख लागतातच"

लागतात ते बहुतेक वेळा जागा चुकीच्या दाराने घेतली म्हणून. बीएफएची, म्हणजे फाईन आर्टच्या डिग्रीची, प्रवेश परीक्षा (सीईटी) राज्याचा सीईटी सेल घेतो. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे तिचे भाग आहेत. तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच भरायचे असतात. घरात मात्र "आधी निकाल लागू दे, मग बघू" असं चालतं. निकाल लागेपर्यंत सीईटी होऊन गेलेली असते. मग सीईटीच्या गुणांवर भरली जाणारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतली जागा मिळत नाही, संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, जागा पूर्ण फी भरून घ्यावी लागते, आणि त्या जागेला शिष्यवृत्ती मिळत नाही. एक अर्ज चुकल्याची किंमत ही अशी लाखांत मोजावी लागते.

केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून खुल्या गटातल्या मुलांना निम्मी शिक्षण फी मिळते. पात्र प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५पासून ही सवलत शंभर टक्के आहे. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, कला संचालनालयाच्या विभागात करायचा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं या तिन्ही गोष्टी मे महिन्यातच तयार ठेवाव्यात. जुलैत तहसील कार्यालयात दाखल्यांची रांग लागते आणि दाखल्यावाचून अर्ज अडतो.

राहण्या-जेवणाचा खर्चही बघा. पुण्या-मुंबईत राहायचं तर खोली आणि मेस मिळून कित्येकदा फीपेक्षा जास्त जातात. जवळची कला महाविद्यालयंही आहेत: सांगलीत कलाविश्व, कोल्हापुरात कलानिकेतन आणि दळवीज्. मिरजेहून रेल्वेच्या विद्यार्थी पासावर रोज कोल्हापूर करता येतं. हवी ती शाखा तिथे आहे का, अभ्यासक्रम डिग्रीचा की डिप्लोमाचा, हे आधी विचारून घ्या. सोय म्हणून भलतीच शाखा घेऊ नका.

मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही, पण कर्ज खरं वाढवतो, तो खर्च म्हणजे साहित्य. कागद, रंग, कॅनव्हास, फ्रेम, प्रिंट, शिल्पकलेला माती, प्लास्टर आणि फायबर, उपयोजित कलेला (जाहिरात, वेष्टन, छपाईचं डिझाइन) तिसऱ्या वर्षाच्या आत लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट. हे शिष्यवृत्तीत बसत नाही. शैक्षणिक कर्जात मात्र साहित्य आणि संगणक धरता येतो. त्यासाठी कॉलेजच्या खर्चपत्रकात ती ओळ लिहून घ्यावी लागते. ती नसली की बँक फक्त फीपुरतं मंजूर करते आणि लॅपटॉप दुकानातून महागड्या हप्त्यांवर येतो.

"घर गहाण टाकावं लागतं"

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या आदर्श योजनेत तारण नाही, आई किंवा वडील सहकर्जदार होतात. शाखेत घराचे उतारे मागितले, तर कुठल्या नियमाने ते लेखी मागा. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज केलात तर नकाराची नोंदही राहते.

"आयुष्यभर हप्ते"

चार लाखांचं कर्ज घेऊ. दरवर्षी एक लाखाची उचल, व्याज १० टक्के. पहिल्या लाखावर पाच वर्षं व्याज चढतं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण १ लाख ४० हजार. ते मुद्दलात मिळवलं की ५ लाख ४० हजारांवर हप्ता बसतो: दहा वर्षांत साधारण ७,१४०, पंधरा वर्षांत ५,८००. पंधरा वर्षांचा हप्ता हलका वाटतो, पण एकूण फेड १० लाख ४४ हजारांवर जाते. दहा वर्षांत ती ८ लाख ५६ हजारांत आटोपते. शिकत असतानाच व्याज भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिना सुमारे ८३० आणि चौथ्या वर्षी ३,३००, तर पुढचा हप्ता ५,२९०वर येतो आणि सगळं धरून ऐंशी हजारांच्या वर वाचतात.

आणि कर्ज दीड लाखात भागलं तर? शिकताना व्याज न भरता ते मुद्दलात मिळवलं तरी दहा वर्षांचा हप्ता २,६८०च्या आसपास बसतो. आमच्या मते हप्ता पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा मोठा नसावा. पगार १५ हजार धरलात तर ३,००० ही मर्यादा. किती कर्ज घ्यायचं, ते इथून उलटं मोजत या. चार लाख मंजूर झाले म्हणजे सगळे उचललेच पाहिजेत असं नाही. लागेल तेवढीच उचल घ्या.

"नोकरी बारा हजारांची"

फ्लेक्सच्या दुकानात सुरुवातीला असाच पगार मिळतो. पण त्या खुर्चीला डिग्री लागतच नाही. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकलेला बारावीचा मुलगा ते काम करतो आणि पैसे हाताच्या वेगाचे मिळतात. त्या पगारावरून डिग्रीची किंमत काढणं चूक आहे.

शिक्षकाच्या नोकरीबद्दल मात्र मेसेज पाठवणाऱ्यांपेक्षा आम्हीच जास्त सावध आहोत. माध्यमिक शिक्षणसेवकाला तीन वर्षं महिना १८ हजार मानधन मिळतं, वेतनश्रेणी त्यानंतर. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला, शंभरावर पट असेल तर, कलेसाठी अर्धवेळ निदेशकाचीच तरतूद आहे. पूर्णवेळ जागा थोड्या. शाळेतच जायचं असेल तर दोन वर्षांचा कला शिक्षक पदविका अभ्यासक्रम कमी खर्चात होतो. त्यासाठी कर्ज काढून चार वर्षांची डिग्री कशाला?

"चित्र कोण विकत घेतं?"

कॅनव्हासवरचं चित्र घेणारे आपल्या भागात कमीच. भिंतीवरच्या कामाला मात्र गिऱ्हाईक आहे: शाळा, अंगणवाड्या, मंगल कार्यालयं, हॉटेलं. एक हिशोब मांडू. भिंत २० फूट बाय १० फूट, म्हणजे २०० चौरस फूट. दर ६० रुपये ठरला तर बिल १२,०००. दोन लिटर प्रायमर, चार लिटर बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक, स्टेनर आणि ब्रश मिळून ३,०००, मदतनीस दोन दिवस १,४००, उभं राहून रंगवायचा घोडा (उंच पाट) आणि प्रवास १,०००. उरले ६,६००. माप आणि रेखाटनाचा एक दिवस, रंगाचे चार. दिवसाला १,३२० पडले.

हा नफा जातो तो ओलीमुळे. पाऊस थांबल्या थांबल्या काम घेतलं की भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार आणतं, लोणा फुटतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. दुसऱ्यांदा रंगवायचा खर्च चित्रकाराच्याच माथी. म्हणून दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर काम पुढे ढकला. नवं प्लास्टर असेल तर किमान चार आठवडे जाऊ द्या.

दुसरी अडचण वसुलीची. ग्रामपंचायतीचं बिल निधी आल्यावर निघतं, बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच जातो. निम्मी रक्कम आगाऊ आणि लेखी कार्यादेश मिळाल्याशिवाय ब्रश उचलू नये. स्वतंत्र काम करणाऱ्याकडे चार हप्त्यांची शिल्लक कायम हवी. कंपनीने बिलातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर, कापला असेल तर तो विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतो. करपात्र उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्र न भरणारी मुलं हे पैसे सोडून देतात.

शिल्पकारांची गोष्ट वेगळी. सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मंजुरी लागते, त्यामुळे शरीररचना नीट शिकलेल्या हाताला तिथे काम आहे. पण ओतकाम करणाऱ्याचा वाटा मोठा असतो आणि पैसे टप्प्याटप्प्याने येतात.

"एआय सगळं करतं"

चित्र करतं. पण तासगावच्या बेदाण्याचा खोका छापायचा तर डायची (खोका कापायच्या साच्याची) आखणी, तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेला रंग), चार रंगांची छपाईयोग्य फाईल, निव्वळ वजन, अन्नसुरक्षा परवाना क्रमांक आणि बारकोड जागच्या जागी लागतो. यातलं एक चुकलं की छापलेला गठ्ठा रद्दीत जातो आणि प्रेसवाला फाईल देणाऱ्यालाच धरतो. फक्त फ्लेक्स आणि शुभेच्छांची चित्रं करणाऱ्यांचं काम मात्र कमी होईल. म्हणून उपयोजित कला घेणाऱ्याने कॉलेजात छपाईचं तंत्र प्रत्यक्ष प्रेसवर शिकवतात का, हे प्रवेशाआधी विचारावं.

त्याच भेटीत आणखी चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कॉलेजच्या लेटरहेडवर घ्या: ही जागा केंद्रीय प्रक्रियेतली की संस्थास्तरावरची, चारही वर्षांची फी किती, दरवर्षी साहित्याला किती लागतात, आणि मागच्या वर्षी इथल्या किती मुलांची शिष्यवृत्ती खात्यावर जमा झाली. उत्तरं हातात येईपर्यंत अनामत भरू नका.